चारशे फूट

रंगराव इन्स्पेक्टरच्या ड्रेसात सेटवर आले आणि पहिल्या पावलालाच स्वतःच्या दंडुक्यात पाय अडकून पडले.

"कट!" बापूसाहेब ओरडले.

"अजून चालू कुठं केलाय?" कॅमेऱ्यामागून कासमभाई म्हणाले.

"मग चालू करा!"

रंगराव उठले, गुडघे झाडले. त्यांना एकच वाक्य होतं. 'या घराला वेढा घाला.' आधीच्या चार टेकमध्ये त्यांनी त्या घराला कुलूप घातलं होतं, कुंपण घातलं होतं आणि एकदा घाबरून नुसतंच 'घाला' म्हणून ते खुर्चीवर बसले होते. पाचव्या वेळी बापूसाहेबांनी डोक्यावरची काळी टोपी काढून हातात घेतली.

मी गुपचूप कॅमेऱ्यावरचा भरलेला डबा उतरवला आणि रिकामा चढवला.

हे नीट सांगायला पाहिजे. साल सत्तावन्न. कोल्हापुरातला स्टुडिओ. बापूसाहेब सरनोबत आमचे दिग्दर्शक, कासमभाई मुजावर कॅमेरामन आणि मी नेमिनाथ चौगुले, त्यांचा असिस्टंट. काळ्या पिशवीत हात घालून डब्यात फिल्म भरायची, टेपनं अंतर मोजायचं आणि शॉट चालू असताना लेन्सची चकती फिरवून फोकस सांभाळायचा, हे माझं काम. फिल्म सरकारी परवान्यावर मिळायची, मोजून. आणि पिक्चरला पैसा लावला होता गुळाच्या एका व्यापाऱ्यानं. त्याची अट एवढीच की आपला मेव्हणा इन्स्पेक्टर झाला पाहिजे. हा मेव्हणा म्हणजे रंगराव. त्यांच्यावर खरी फिल्म घालवायची तर पिक्चर पुरं होण्याआधीच परवाना संपला असता.

म्हणून ही युक्ती. बापूसाहेब टकलाबद्दल फार हळवे. टोपी आंघोळीपुरतीच उतरते, असं त्यांच्या बायकोनं सगळ्यांदेखत सांगितलेलं. त्यामुळे टोपी काढली की खूण पक्की, कॅमेरा रिकामा चालवायचा. आम्ही त्याला 'हवा देणं' म्हणायचो. शंभर वेळा हवा द्यावी, रंगराव दमले की टोपी डोक्यावर आणि एक खरा टेक.

रंगराव तसे संशयी. एकदा त्यांनी कॅमेऱ्याचं दार उघडून आत बघितलं. तेव्हापासून मी टाकाऊ फिल्मचा हातभर तुकडा आतल्या चाकांवर अडकवून ठेवायचो. दार उघडलं की फिल्म दिसते, माणूस खूश. वरच्या डब्यात फिल्म आहे की नाही हे कुणालाच बघता येत नाही. डबा उघडला की उजेड लागतो, आणि उजेड लागला की फिल्म मेली.

"या घराला वेढा घाला!" रंगराव पाचव्या वेळी गरजले. बरोबर म्हणाले. नेमकं हवेवर.

"वा!" बापूसाहेब धावले, मिठी मारली. "रंगराव, असा शॉट गेल्या दहा वर्षांत बघितला नाही!"

बापूसाहेबांकडे कौतुकाचं हे एकच वाक्य होतं. खरं कौतुक करायची वेळ फारशी येत नसल्यामुळे दुसरं तयार केलं नव्हतं. सगळा सेट खाली मान घालून हसत होता. कोपऱ्यात स्टुलावर गोदाक्का बसल्या होत्या, त्यांनी तर पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

गोदाक्का म्हणजे गोदावरी कागलकर. वय पंचेचाळीसच्या घरात. पिक्चरमध्ये कुणाचीही आई मरायची असली की त्यांना बोलावणं जायचं.

"नेमू," रंगराव गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी आजवर किती वेळा मेले आसंन, सांग बगू."

"मोजलं न्हाई, आक्का."

"मी मोजलंय. सव्वीस. त्यात एकोणीसदा खोकून. दोनदा हिरीत. एकदा सून घालवती तवा उंबऱ्यावर. आन् मरताना तुमचा क्यामेरा कुठं आसतो, म्हाईताय?"

"तुमच्यावर."

"दिव्यावर! मी हितं आचकं देतीया आन् कासमभाई तिकडं वात इझताना दावत्यात. माझ्या मरणात माझ्यापेक्षा दिव्याला काम जास्त!"

"दिवा रीटेक मागत नाही, गोदाबाई," कासमभाई म्हणाले.

"मी तरी कवा मागितला?"

ते खरं होतं. मागच्याच वर्षी त्या तिरडीवर असताना सेटवर एक शेळी घुसली. तिनं गळ्यातला झेंडूचा हार खाल्ला, मग लुगड्याचा काठ चावायला लागली. बापूसाहेब लांबून ओरडले, "हलू नका, फिल्म वाया जाईल!" आक्का हलल्या नाहीत. शेळीनं बोट चाटलं तरी हलल्या नाहीत. तो शॉट पडद्यावर आला तेव्हा शेळी कापली होती, आणि तिच्याबरोबर आक्काही.

पण या पिक्चरमध्ये त्या मरणार नव्हत्या. शेवटी पोरगा तुरुंगातून सुटून घरी येतो आणि आई त्याला जेवायला वाढते, असा सीन होता. तीन मिनिटं, न तोडता, कॅमेरा फक्त आईच्या चेहऱ्यावर. लेखकानं दीड पानाचं भाषण लिहिलेलं. त्यात गंगा, यमुना आणि मातृभूमी तिघी होत्या. आक्का बापूसाहेबांकडं गेल्या.

"बापूसाब, मला हे बोलायचं न्हाई."

"मग काय करणार?"

"वाढनार."

"तीन मिनिटं नुसतं वाढणार?"

"पोरगं सात वर्सांनी आलंय. तुरुंगातनं. त्याला मातृभूमी कशाला सांगू? भूक लागली आसंल त्याला."

बापूसाहेबांनी लेखकाकडं बघितलं. लेखकानं मातृभूमीकडं बघितलं. शेवटी भाषण गेलं आणि एवढंच राहिलं, 'बस. जेव.'

त्या आठवड्यात आक्का वेगळ्याच झाल्या. घरची भातवाढी घेऊन आल्या, स्टुडिओची हातात बसत नाही म्हणाल्या. मला चार-चारदा विचारायच्या, "नेमू, क्यामेरा किती लांब आसंल रं?"

"चार फूट दोन इंच."

"एवढा जवळ? माझ्या एवढ्या जवळ कवा कोन आलंच न्हाई." मग हसायच्या. "एकदा पडदाभर दिसू दे बाबा. मग पुन्ना खोकत बसते. मला काय त्याचं."

हिरोनं पाठ द्यायला नकार दिला होता. तीन मिनिटं फक्त पाठ दाखवून आपली किंमत कमी होईल असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याचा शर्ट आमच्या पांडबा सुताराला घातला आणि त्याला पाटावर बसवला. पांडबा खूश. भात खरा होता, आमटी खरी होती.

दुपारी तालमी झाल्या. दोन झाल्या, तिसरी झाली. फिल्म एकच डबा उरलेली, चारशे फूट, म्हणजे चार मिनिटं आणि थोडं. एकच टेक. तिसऱ्या तालमीनंतर मी टेप गुंडाळत वर बघितलं.

बापूसाहेब खुर्चीतून उठून उभे होते. टोपी हातात.

मला आधी खरं वाटेना. मी कासमभाईंकडं बघितलं. त्यांनीही टोपी बघितली होती. ते लेन्स पुसायला लागले, स्वच्छ होती तरी.

"घ्या," बापूसाहेब म्हणाले. आवाज बसलेला होता.

मी मनात जुळवलं. गुळाचा शेट दुसऱ्या दिवशी सेटवर येणार होता, मेव्हण्याचा जीपमधून उतरण्याचा सीन बघायला. म्हणजे तो डबा रंगरावांसाठी राखायचा. म्हणजे आक्कांना हवा द्यायची, राजी ठेवायचं आणि मग सीनच कापायचा. पटलं नाही, पण जुळलं. आमच्या धंद्यात ह्याहून वाईट गोष्टी जुळायच्या.

मी डबा बदलला. बदलताना आक्का माझ्याकडं बघत होत्या. मी लेन्सकडं बघितलं.

कॅमेरा चालू झाला. रिकाम्या कॅमेऱ्याचा फोकस मी आयुष्यात इतका मन लावून फिरवला नव्हता. आक्का चुलीपासनं उठल्या, सहा फूट. ताटापाशी आल्या, पाच. वाकल्या, चार फूट दोन. मी आकडे बघत राहिलो. तिकडं बघायची माझी छाती नव्हती. भातवाढीचा आवाज तेवढा आला, आणि "बस. जेव." एवढं आलं. मग बराच वेळ काहीच नाही. पांडबाची पाठ हलताना दिसली. मला वाटलं ठसका लागला.

"कट."

पांडबा भातात रडत होता. बापूसाहेब आले, त्यांनी आक्कांचे दोन्ही हात धरले.

"गोदाबाई," ते म्हणाले, "असा शॉट गेल्या दहा वर्षांत बघितला नाही."

आक्का क्षणभर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग नमस्कार केला. "बरं झालं," म्हणाल्या. भातवाढी धुतली, पिशवीत घातली आणि टांगा बोलावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब टोपी घालून होते. विचारलं, "फिल्म आहे काय रे थोडीफार?" म्हटलं, "एक डबा आहे." त्यांना वाटलं देवानंच ठेवला. त्या चारशे फुटांवर रंगराव जीपमधून दोनदा उतरले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, कारण शेटला ठरवता येईना की मेव्हणा कुठल्या बाजूनं जास्त रुबाबदार दिसतो.

आठ दिवसांनी फिल्म धुऊन आली. अंधारात आम्ही पाच-सहाजण बघायला बसलो. रंगराव डावीकडून उतरले. उजवीकडून उतरले. दिवे लागले.

"गोदाबाईंचं लावा," बापूसाहेब म्हणाले.

कासमभाई माझ्याकडं बघायला लागले.

"अरे लावा की! मी त्यासाठीच आलोय. बायकोलाही आणलंय."

मागच्या खुर्चीवर त्यांची बायको खरंच बसली होती, नऊवारी नेसून, गजरा माळून.

"साहेब," मी म्हणालो, "ते हवेवर घेतलं ना."

"काय?"

"तुम्ही टोपी काढली होती."

बापूसाहेबांनी आधी माझ्याकडं, मग कासमभाईंकडं बघितलं. त्यांचा हात डोक्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"अरे गाढवा," ते इतक्या हळू म्हणाले की मला शिवी वाटलीच नाही. "माणसाला भरून आलं तर टोपी काढू नये काय?"

मागून त्यांची बायको म्हणाली, "सासरे गेले तेव्हाही काढली होती ह्यांनी."

मग जे व्हायचं ते झालं. त्यांनी मला मारायला खुर्ची उचलली, ती जमिनीला स्क्रूनं बसवलेली होती, त्यामुळे कमरेत उसण भरली. त्या अवस्थेत वाकडे उभे राहून त्यांनी मुंबईच्या एका निर्मात्याला फोन लावला, हातापाया पडून फिल्मचा एक डबा मागितला. चारशे फूट. स्वयंपाकघराचा सेट मोडून तिथं पोलीस चौकी उभी होती. ती मोडून पांडबानं दोन दिवसांत चूल परत मांडली.

"आणि तू," बापूसाहेब मला म्हणाले, "तुझं हे तोंड घेऊन जा आणि तिला घेऊन ये. खरं काय ते सांग. सगळं सांग."

मी शुक्रवार पेठेत गेलो. आक्कांच्या अंगणात चटणी कुटायचं चाललं होतं. वर्षाची चटणी. दोन बायका मुसळ घालत होत्या, लाल धुरळा उठलेला, आणि आक्का तोंडाला फडकं बांधून मिरच्यांची देठं काढत होत्या.

"ये रं. आत्ताच यायचं सुचलं व्हय?"

"आक्का, तुम्हाला एक—" मी शिंकलो. "सांगायचं—" पुन्हा शिंकलो. डोळ्यांतनं पाण्याच्या धारा लागल्या. आयुष्यातली सगळ्यात मोठी कबुली मी शिंकत, नाक पुसत, मधेच "थांबा जरा" म्हणत दिली. टोपी सांगितली, भरून आलेलं सांगितलं, सासरे सांगितले. मुसळ घालणाऱ्या दोघी थांबून ऐकायला लागल्या.

माझं संपल्यावर आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"टोपी मी बगितली व्हती, नेमू," त्या म्हणाल्या. "क्यामेऱ्याचा आवाजबी मला कळतोय. सव्वीस पिक्चरं झाल्यात. भरलेला कसा वाजतो, रिकामा कसा वाजतो."

"मग तुम्ही थांबला का नाही?"

"थांबून काय म्हनू? माझ्यावर फिल्म घाला म्हनू? भात वाढला व्हता. पांडबा बसला व्हता. केलं."

"पण ती चूक होती, आक्का! बापूसाहेबांना खरंच—"

"दहा वर्सांत बगितला न्हाई, व्हय?" त्या हसल्या. "रंगरावाचाबी बगितला नव्हता."

"तसं नव्हतं ते. शपथ."

"तू गुणाचा हाईस. बापूसाबांस्नी वाईट वाटलं आसंल मागनं, म्हनून धाडलं तुला. गोष्टबी झकास रचलीया. टोपीची." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मिरचीचा हात. दोन दिवस जळजळत होता. "येईन मी. बोलावलं की जायाचं, हे आपलं काम हाय."

आणि त्या आल्या.

त्या दिवशी बापूसाहेब टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून उभे होते. कमरेला पट्टा. एरवी बघून हसू आलं असतं. पांडबा पाटावर बसला. दिवे लागले. तालीम झाली.

आक्का उठल्या, आल्या, वाकल्या, वाढलं. "बस. जेव." अंतर बरोबर, वेळ बरोबर, एक शीत इकडचं तिकडं नाही. आणि काही नव्हतं. पांडबा घास घेऊन चावत राहिला. सव्वीस वेळा मेलेली बाई होती ती. तिरडीवरची. हलू नका म्हणून सांगितलेली.

"गोदाबाई," बापूसाहेब म्हणाले, "परवासारखं... त्या दिवशी जसं..."

"तसंच करतीया की."

"मनातनं काढा हो ते. फिल्म आहे. भरलीय. अंबाबाईची शपथ."

"शपता तर रंगरावालाबी घातल्या व्हत्या."

बापूसाहेबांनी मला खूण केली. मी कॅमेऱ्याचं दार उघडलं, आतली फिल्म दाखवली. आक्कांनी लांबूनच बघितलं.

"ह्यो तुकडा मला नगं दावू, नेमू."

"आक्का, हा तुकडा नाही. ही वरनं आलीय. डब्यातनं."

"मग डबा दाव."

"डबा उघडता येत नाही. उजेड लागतो. सगळी मरते."

"म्हाईताय मला," त्या म्हणाल्या. रागानं नाही. समजूत घालावी तसं. "म्हनूनच म्हनतीया, ऱ्हाऊ द्या. तुमचं काय चुकलं न्हाई. कुनाकुनाला हवा द्यावी लागती. माझ्यावर फिल्म घालावी एवढी मोठी बाई मी न्हवं. फकस्त माझी समजूत नका घालू. घ्या तुम्ही. मी करते."

त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. पदर सारखा केला. वाट बघायला लागल्या.

"घ्या," बापूसाहेब म्हणाले. आणि पुन्हा, मोठ्यानं, "चौगुले, घ्या! एकच डबा आहे."

कासमभाईंचा हात बटणावर होता. माझा फोकसच्या चकतीवर. मी आक्कांकडं बघितलं. आता ही फिल्म चालली असती, धुऊन आली असती, पडद्यावर पडदाभर आली असती. आणि तिच्यावर जी बाई आली असती तिला शेवटपर्यंत खात्री असती की आपल्यावर कुणी फिल्म घातलेली नाही. ती पडद्यावर बघूनही म्हणाली असती, मागनं वाईट वाटलं ह्यांना.

मी चकती सोडली. डबा उतरवला.

"चौगुले?" बापूसाहेब म्हणाले. "काय करतोय हा? कासमभाई, धरा त्याला!"

कासमभाई जागचे हलले नाहीत. ते का हलले नाहीत हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही.

मी डबा घेऊन चुलीपाशी गेलो, आक्कांच्या समोर बसलो आणि पाच हजार वॉटच्या दिव्याखाली झाकण उघडलं.

आतमध्ये फिल्मची गुंडाळी होती. घट्ट, गोल. दुधावरच्या सायीसारख्या रंगाची. पहिल्यांदाच बघत होतो मीही. इतकी वर्षं भरत होतो, पण पिशवीत, बोटांनी, आंधळ्यासारखी.

मागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बापूसाहेब खाली बसले होते.

आक्कांनी बोट पुढं केलं, मागं घेतलं. "हात लावू?"

"लावा. आता काय."

त्यांनी गुंडाळीच्या कडेवरनं बोट फिरवलं. पूर्ण गोल.

"केवढी हाय?"

"चारशे फूट."

"सगळी?"

"सगळी, आक्का. त्या दिवशीपण सगळी तुमच्यासाठीच भरून ठेवली होती."

त्या बापूसाहेबांकडं वळल्या. ते जमिनीवर बसूनच होते, कमरेमुळं उठता येत नव्हतं.

"बापूसाब, खरंच आवडलं व्हतं?"

बापूसाहेबांनी तोंड उघडलं, ते एकच वाक्य ओठापर्यंत आलं असावं. त्यांनी तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली.

आक्का हसल्या. मोठ्यानं, अगदी दात दाखवून. पडद्यावर त्या कधी हसल्या नव्हत्या, मरणाऱ्या आयांना हसायला देत नाहीत. मग डोळे पुसले, भातवाढी उचलली.

"पांडबा, नीट बस. दिवं ऱ्हाऊ द्यात रं जरा."

आणि त्यांनी तो सीन केला.

कुणी 'कॅमेरा' म्हणालं नाही, कुणी 'कट' म्हणालं नाही. फिल्मची गुंडाळी माझ्या मांडीवर उघडी पडली होती. फिरवायला चकती नव्हती, मोजायला अंतर नव्हतं. सहा वर्षं कॅमेऱ्याशेजारी उभा राहून मी नटांचे आकडे बघितले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून चेहरा बघितला.

झाल्यावर आक्का माझ्याजवळ आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि टांग्यानं घरी गेल्या. बापूसाहेबांनी मला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी पुढं लक्ष्मीपुरीत फोटो स्टुडिओ काढला, लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढत आयुष्य गेलं.

पिक्चर पडद्यावर आलं. त्या सीनच्या जागी रंगराव जीपमधून दोनदा उतरतात. नऊ दिवस चाललं. आक्का त्यानंतर तीन पिक्चरमध्ये मेल्या, दोनदा खोकून, एकदा गाडीखाली. त्रेसष्टच्या थंडीत खरोखरच खोकला झाला, तेव्हा शेजारणीला वाटलं तालीम चाललीय. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

मागच्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी माझ्याकडं आली. जुन्या पिक्चरमधल्या दुय्यम नट्यांवर काहीतरी लिहीत होती. तिच्याकडं आक्कांच्या एकोणतीस मरणांची यादी होती, तारखांसकट. मी तिला हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. शेळीला ती खूप हसली.

"आणि आजोबा, तो सीन? सेटवर कोण कोण होतं तेव्हा?"

"अकरा जण. आता मी एकटाच."

"मग तुम्हीच सांगा ना. त्यांनी नेमकं काय केलं?"

"भात वाढला."

"हो, पण म्हणजे चेहऱ्यावर काय होतं? कसं केलं?"

मी तिला लेन्सचा नंबर सांगितला. दिवा कुठं होता ते सांगितलं. चार फूट दोन इंच सांगितलं. मग तोंड उघडून बसलो. ती पेन धरून थांबली होती. फार शहाणी मुलगी, घाई केली नाही तिनं. चहा येऊन गार झाला.

"ते बघायला पाहिजे होतं, बाळ," मी म्हणालो.

तिनं कागदावर लिहिलं, 'शेवटचा प्रसंग: मुलाला भात वाढतात. चित्रण उपलब्ध नाही.' कागद माझ्यापुढं सरकवला. खाली लिहिलं होतं, वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व पूर्ण आहे.

मी सही केली.